पाल पाळावी काय?

(द्वितीय वर्ष कला)

शाळेत असताना ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर आपण सर्वांनीच निबंध लिहिलेला आहे. बहुतेकांनी गाय किंवा कुत्रा निवडला असेल. काहींनी पोपट, तर एखाद्या धीट मुलाने वाघही निवडला असेल. परंतु पालीवर निबंध लिहिलेला विद्यार्थी अद्याप माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक गाय सर्वांच्या दारात नसते आणि वाघ तर चित्रातच पाहायचा असतो. पाल मात्र झोपडीपासून बंगल्यापर्यंत प्रत्येक घरात आहे. आपण निबंध लिहीत होतो तेव्हाही ती बहुधा डोक्यावरच्या दिव्यापाशीच बसलेली असेल. तरीही ती कोणाला आवडत नाही, आणि आवडली तरी तसे सांगण्याचे धाडस होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हीच पाल आहे. वाचकांनी व गुरुजनांनी नाक मुरडण्यापूर्वी दोन पाने सवड द्यावी, एवढी विनंती.

हा विषय घेण्याचे कारण असे की, अलीकडे पाल विकत आणून पाळण्याची हौस वाढत आहे. मोठ्या शहरांतून ती आता आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही पोचली आहे. या पाळीव पालीला दुकानदार पाल म्हणत नाहीत, ‘गेको’ म्हणतात. त्यांतही ‘लेपर्ड गेको’ला फार मागणी असते. बिबट्यासारखे काळे ठिपके असलेली, पिवळसर अंगाची, जाड शेपटीची ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. आज जगभर ती पेट्यांमध्ये वाढवून विकली जाते. ती वीतभर किंवा थोडी अधिक लांब होते. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते. हिच्या बोटांना भिंतीला चिकटण्याची सोय नाही, म्हणून ती जमिनीवरच चालते आणि काचेच्या पेटीतून वर चढून जाऊ शकत नाही. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली.

या पालीबद्दल मी लिहिते आहे ते केवळ वाचून नव्हे. गेल्या वर्षी मी एका घरी सातवीतल्या मुलाची मराठीची शिकवणी घेत होते. मे महिन्यात ते कुटुंब एकवीस दिवस परगावी गेले आणि त्यांच्या ‘बर्फी’ची, म्हणजे त्यांच्या लेपर्ड गेकोची, जबाबदारी माझ्यावर आली. त्या कामाचे मला दोन हजार रुपये मिळाले. त्यातून माझी या सत्राची पुस्तके झाली. तेव्हा बर्फीचे माझ्यावर थोडे उपकारच आहेत.

जाताना काकूंनी माझ्या हाती एक छापील कागद दिला. त्यात बर्फीची सारी दिनचर्या होती. ती वाचताना मी थक्क झाले. पेटीची एक बाजू उबदार हवी, तिथे तळाशी बत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब पाहिजे. दुसरी बाजू थंड, पंचवीस अंशांच्या जवळपास. पाल हा थंड रक्ताचा प्राणी. अन्न पचवायला तिला बाहेरून ऊब घ्यावी लागते आणि ऊब जास्त झाली की सावलीला सरकावे लागते. म्हणून पेटीत दोन्ही टोके असलीच पाहिजेत. मे महिन्यात आमच्याकडे आणखी ऊब कशाला, असे मला वाटले होते. पण पेटीखालच्या गरम पट्टीला एक यंत्र जोडलेले होते, ते ऊब पुरेशी झाली की पट्टी आपोआप बंद करी. पेटीत लपायला तीन जागा : एक उबेत, एक थंडाव्यात आणि एक ओलसर. ओलसर जागा कात टाकण्यासाठी. कात नीट सुटली नाही तर ती बोटांभोवती आवळून बसते, रक्त पोचत नाही आणि बोटे झडतात. सुटलेली कात पाल स्वतःच खाऊन टाकते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

खाणे हा तर वेगळाच थाट. ही पाल पालेभाजी, फळ काही खात नाही, तिला जिवंत किडे लागतात. बर्फीसाठी पिठातल्या अळ्या कोंड्याने भरलेल्या डब्यातून कुरिअरने येत. त्यांना आधी गाजराचे तुकडे खाऊ घालायचे, म्हणजे ते पोषण पालीच्या पोटात जाते. मग त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. ती नसेल तर पालीची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. आमची आई सुपात गहू पाखडून किडे दारात टाकते, कोंबड्या ते वेचतात. इथे किडे विकत आणून त्यांनाच गाजर भरवायचे! पहिल्या दिवशी मला हसू आले. आठव्या दिवसापर्यंत मात्र मी मन लावून ते काम करू लागले होते, कारण अळी दिसताच बर्फी मान उंचावून, शेपटीचे टोक थरथरवत जी एकाग्र होई, तशी एकाग्रता मला परीक्षेच्या आदल्या रात्रीदेखील साधलेली नाही.

ज्यांना अशी पाल घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी निवडीबद्दल चार शब्द. शेपटी जाड असावी, कारण ती तिची चरबीची कोठी आहे. बारीक शेपटीची पाल उपाशी किंवा आजारी असते. डोळे स्वच्छ, बोटे सर्व शाबूत, चालताना पोट जमिनीवरून उचललेले असावे. दोन नर एका पेटीत ठेवू नयेत, ते एकमेकांना फाडतात. तिला शेपटीला धरून उचलू नये. शेपटी तुटून हातात येते. पुढे नवी उगवते, पण ती आखूड, बोजड, पहिल्या नक्षीवाचूनची. लहान पिलाच्या पेटीत वाळू पसरू नये, किड्याबरोबर वाळू पोटात जाऊन आतडे तुंबते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाल रानातून धरून आणलेली नसून पेटीतच जन्मलेली आहे याची खात्री करून घ्यावी व तसा कागद मागावा. दुकानदार कागदाचे नाव काढताच विषय बदलू लागला, तर आपणही दुकान बदलावे.

रंगाच्या मोहात तर मुळीच पडू नये. निवडक जोड्या जमवून माणसाने या पालीचे कितीतरी नवे रंग तयार केले आहेत आणि रंगाप्रमाणे त्यांचा भाव ठरतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा एक फिकट लिंबासारखा झळाळता रंग काही वर्षांपूर्वी फार गाजला. पुढे दिसून आले की, या रंगाच्या पालींना रंगपेशींच्याच गाठी होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो रंग आणि त्या गाठी यांची सांगड एकाच जनुकाशी घातली. ‘एनिग्मा’ या दुसऱ्या प्रकारातल्या पाली मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरतात, भक्ष्यावर झेप घेताना त्यांचा नेम चुकतो. माणसाच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून एखाद्या जिवाने जन्मभर भोवळ सोसावी, यास हौस म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक हिशेब खरेदीच्या दिवशी कोणी करीत नाही. चांगली निगा राखली तर लेपर्ड गेको पंधरा ते वीस वर्षे जगते. ज्या मुलासाठी ती आणली तो तोवर शिकून, नोकरीला लागून, कदाचित संसारालाही लागलेला असतो. आणि मागे उरलेली पाल? ती आईच्या गळ्यात पडते.

येथपर्यंत माझी कशालाच हरकत नाही. जीव घरात आणला तर त्याची निगा अशीच राखली पाहिजे. परंतु त्या छापील कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या, त्यांनी मला हा लेख लिहायला लावला. पहिली ओळ अशी : खोलीत भिंतीवर पाल दिसल्यास कोपऱ्यातला फवारा मारावा. दुसरी ओळ : फवारा बर्फीच्या पेटीजवळ मारू नये.

मी तो कागद घेऊन बराच वेळ उभी होते. पेटीत एक पाल आणि पेटीच्या वर, भिंतीवर, दुसरी पाल. एकीसाठी ऊब मोजणारे यंत्र, गाजर खाल्लेल्या अळ्या, कॅल्शियमची पूड. दुसरीसाठी विषाचा फवारा. दोन्ही ओळी एकाच हाताने लिहिलेल्या, आणि ते हात वाईट माणसाचे नव्हेत. काकूंनी मला एकवीस दिवसांत तीन वेळा फोन करून मीही नीट जेवते ना, असे विचारले होते. फवारा मी मारला नाही. काकू परत आल्यावर त्यांना तसे सांगितलेही. त्या म्हणाल्या, “अगं, ती पाल आहे.” शेजारी उभा असलेला माझा विद्यार्थी म्हणाला, “ताई, ती पाल आहे, आणि ही गेको आहे.” मी विचारले, “फरक काय?” त्याने थोडा विचार करून उत्तर दिले, “हिला पैसे पडलेत.”

लहान मुले खरे बोलतात. मोठी माणसे जे कारण शंभर शब्दांत लपवतात ते त्याने तीन शब्दांत सांगून टाकले. आपण निगा राखतो ती जिवाची नव्हे, किमतीची. फुकट मिळालेले ते फेकण्याच्या लायकीचे. आणि त्यात परकीय नाव मिळाले की दर्जा आणखी वाढतो, हे आम्हा खेड्यातून, मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींना नव्याने सांगायला नको. गंमत अशी की ‘गेको’ या शब्दाचा अर्थही काही मोठा नाही. पूर्वेकडच्या एका मोठ्या पालीच्या ओरडण्यावरून मलय भाषेत पडलेले ते नाव आहे. आपण चुकचुकणे म्हणतो, तसेच ते. उलट आपल्या संस्कृतात भिंतीवरच्या पालीला गृहगोधिका असे केवढे तरी भारदस्त नाव आहे : घरातली लहानशी घोरपड. घोरपड गड चढते या कथेवर आपण ऊर भरून घेतो. तिची ही धाकटी बहीण रोज रात्री आपल्या माथ्यावरचा गड चढते, तिकडे मात्र आपण झाडू घेऊन धावतो.

ती तो गड कसा चढते हे कोडे माणसाला हजारो वर्षे सुटले नव्हते. पाल झाडावर कशी वर-खाली, अगदी उलटीही पळते याची नोंद ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने केलेली आहे. तिच्या पायाला डिंक नसतो. पाय चोखून धरतो म्हणावे तर तसेही नाही. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, पट्ट्यांवर लक्षावधी सूक्ष्म केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. अमेरिकेतले केलार ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा एकेका केसाची पकड मोजून दाखविली आणि दोनच वर्षांनी सिद्ध केले की, दोन वस्तू अगदी निकट आल्या असता रेणूरेणूंमध्ये जे क्षीण आकर्षण असते, त्याच्याच बळावर पाल छताला लटकते. एका केसाचे बळ नगण्य, पण लक्षावधींचे मिळून तिचा भार पेलते. ते पाहून आता पुन्हापुन्हा लावता-काढता येणाऱ्या, डिंकाविना चिकटणाऱ्या पट्ट्या बनविण्याचे प्रयोग चालले आहेत. आणि आपण बाजारातून उंदरापालींसाठी चिकट पुठ्ठे आणतो! डिंकाशिवाय चिकटण्याची कला ज्या पायांना अवगत आहे, तेच पाय त्या डिंकात रुतून ती तासन् तास तडफडून मरते. असा पुठ्ठा कोणाच्या खोलीत असेल तर कृपया उचलून टाका. चिकटलेली पाल सापडली तर ओढू नका; गोडेतेलाचे थेंब पायांखाली सोडत राहा, ती सुटते.

पालीच्या वाट्याला येणाऱ्या तिरस्काराला दुसरेही एक मूळ आहे, आणि ते पंचांगात आहे. पल्लीपतनाचा तक्ता आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाल पुरुषाच्या उजव्या अंगावर पडली तर शुभ, स्त्रीच्या डाव्या. डोक्यावर पडली तर घरादाराच्या तोंडचे पाणी पळते. मनात शंका आली तरी आपण पाल चुकचुकली म्हणतो, म्हणजे शंका आपली आणि नाव तिचे. दक्षिणेत कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छतावर सोन्याची आणि चांदीची पाल आहे; त्यांना हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो, या श्रद्धेने लोक दुरून तेथे जातात. म्हणजे पाल सोन्याची असेल तर दोष घालविते आणि हाडामांसाची असेल तर दोष लावते. येथेही किंमत आडवी आलीच.

या तक्त्याचा माझ्याशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. ज्या दिवशी मी या महाविद्यालयात नाव घालायला निघाले, त्या सकाळी माझ्या उजव्या खांद्यावर पाल पडली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मुलीने तर नाहीच. आजी हबकली. म्हणाली, “आरं, आजचा दिस ऱ्हाऊ दे.” तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, हे तिला ठाऊक नव्हते. माझे वडील, अण्णा, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, “पाल पडली म्हणून यष्टी थांबत न्हाय.” आम्ही निघालो. आजीला मी दोष देत नाही. तिला जे शिकविले गेले ते तिने प्रेमापोटी सांगितले. पण त्या दिवशी अण्णा घरी नसते तर? उजेडाजवळच्या पतंगावर झडप घालताना एका पालीचा पाय सुटला, एवढ्या कारणाने एखाद्या मुलीचे वर्ष, आणि वर्षामागून शिक्षणच, बुडू शकते. असे ज्यांचे बुडाले असेल त्या मुली या वार्षिकांकात लिहायला येत नाहीत, म्हणून आपल्याला त्यांची नावे कळत नाहीत.

विषाची गोष्ट याच जातीची. पाल विषारी असते हा समज इतका पक्का आहे की, शिकलेली माणसेही त्यावर वाद घालतात. जगातील पालीच्या कोणत्याही जातीला विष नाही. तिच्याजवळ विषाची ग्रंथी नाही, विषाचा दात नाही. तिच्या विष्ठेत मात्र साल्मोनेलासारखे रोगजंतू असू शकतात. म्हणून पातेल्यात पाल पडली तर ते अन्न टाकून द्यावे हे योग्यच आहे. कारण फक्त वेगळे आहे. पाळीव पाल हाताळल्यावरही साबणाने हात धुवावेत ते याचसाठी. जंतूंवर उपाय झाकण आणि साबण हा आहे. विषावर उपाय म्हणून आपण पालीला मारतो आणि पातेले मात्र उघडेच ठेवतो.

कोणी म्हणेल, पालीला किंमत आली तर तिची कदर होईल. यालाही एक उत्तर आहे, आणि ते टोके या पालीने दिले आहे. जिच्या आवाजावरून ‘गेको’ हे नाव पडले तीच ही. आपल्या ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ती राहते, निळसर करड्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. तिच्यापासून एड्सवर, कर्करोगावर औषध होते अशी अफवा उठली आणि एकेका पालीला लाखांचा भाव मिळतो, अशी कुजबूज गावोगाव पसरली. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला २०११ साली जाहीर करावे लागले की, या उपचाराला कोणताही आधार नाही. तरी पाली धरल्या गेल्या, सुकविल्या गेल्या, विकल्या गेल्या. अखेर २०१९ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराखाली नियंत्रणात आणण्यात आला. आपल्याकडेही वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. तात्पर्य, किंमत शून्य असली तरी पाल मरते आणि किंमत लाखाची झाली तरी मरते. तेव्हा किमतीच्या पलीकडचे काही कारण आपण शोधले पाहिजे.

मला वाटते, ते कारण ओळख हे आहे. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपण सहलीत पाहिल्या आहेत. त्याच पठारावरच्या दगडांखाली राहणाऱ्या एका लहानशा पालीचे वर्णन २००८ साली शास्त्रीय जगापुढे आले आणि तिला साताऱ्याचेच नाव मिळाले : हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. कासला आपण फुलांसाठी जातो. तिथल्या एका पालीची नवी जात म्हणून नोंद २०१४ साली झाली. त्याच वर्षी सातपुड्याच्या डोंगरातली ठिपकेवाली पालही स्वतंत्र जात म्हणून ओळखली गेली. ती आपल्या बर्फीची सख्खी चुलत बहीण! म्हणजे ज्या ठिपक्यांसाठी शहरात पैसे मोजले जातात ते महाराष्ट्राच्या रानात फुकट आहेत आणि विषारी समजून दगडाने ठेचले जात आहेत. शाळेच्या पुस्तकात आम्ही साताऱ्याचा कंदी पेढा शिकलो, साताऱ्याची गादी शिकलो. साताऱ्याची पाल कोणी शिकविली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पाल पाळावी काय?

विकत घेऊन पाळण्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझा विद्यार्थी बर्फीमुळे पालीला भीत नाही. तिला तळहातावर घेऊन तो अभ्यास करतो. एका पालीशी मैत्री झालेल्या मुलाची दुसऱ्या पालीशी मैत्री होणे अवघड नसते, फक्त ती दुसरी पालही पालच आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आमच्या शिकवणीत आता तोही धडा चालू आहे. त्याने भिंतीवरच्या पालीला अजून नाव दिलेले नाही, पण फवारा माळ्यावर गेला आहे, हे मी पाहिले आहे.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, आपण विद्यार्थ्यांनी पाल विकत घेऊ नये. आपल्यापैकी निम्मे वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. वीस वर्षांचे वचन देण्यासारखी आपली स्थिती नाही. मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद आपण जनावराला वापरतो आणि शब्दालाही वापरतो. शब्द पाळता येणार नसेल तर जनावर पाळू नये. रानातली किंवा भिंतीवरची पाल धरून पेटीत कोंडणे तर सर्वस्वी अयोग्य. तिला पेटीत काय हवे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि पेटीबाहेर काय हवे ते तिला पक्के ठाऊक आहे.

पण ज्याला पाल पाळण्याची खरोखर हौस आहे त्याची सोय झालेलीच आहे. प्रत्येक खोलीत एक-दोन आहेत. त्यांना विकतच्या अळ्या लागत नाहीत. दिव्याजवळचे पतंग, किडे, झुरळाची पिल्ले, सापडले तर डास, असे आपले जेवण त्या स्वतः मिळवितात. त्यांना गरम पट्टी नको, भिंतच त्यांना ऊब देते. आपण करायचे ते इतकेच : फवारा व चिकट पुठ्ठे वापरू नयेत. अन्नावर झाकण ठेवावे. दार-खिडकी लावण्यापूर्वी फटीत पाहावे, कारण पाली सर्वांत जास्त चेंगरतात त्या तिथेच. तसबिरीमागे किंवा पुस्तकांच्या फळीमागे शेंगदाण्याएवढी दोन पांढरी, टणक अंडी दिसली तर ती तशीच राहू द्यावीत. साधारण दोन महिन्यांनी त्यांतून करंगळीच्या नखाएवढ्या डोक्याचे पिलू बाहेर येते. तिची विष्ठा पुसायची ती फडक्याने, आणि मग हात धुवायचे. भीती वाटत असेल तर वाटू द्यावी. भीती वाटणे हा गुन्हा नाही. फक्त हातात झाडू घेऊन भीती व्यक्त करू नये.

शेवटी आपल्या महाविद्यालयापुढे एक सूचना नम्रपणे मांडते. आपल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात संध्याकाळी सहानंतर ट्यूबलाइटभोवती पाली जमतात. त्या किती आहेत, एकाच जातीच्या आहेत की दोन-तीन, उन्हाळ्यात वाढतात की पावसाळ्यात, याची कोणी नोंद केलेली नाही. प्राणिशास्त्राचा विभाग आपल्याकडे नाही हे खरे. पण मोजण्यासाठी विभाग लागत नाही, एक शंभर पानी वही आणि रोजची दहा मिनिटे लागतात. विद्यार्थी मंडळाने ही वही ग्रंथालयात ठेवावी. पहिल्या महिन्याच्या नोंदी करण्यास मी तयार आहे. पुढच्या सत्रातही मी संध्याकाळी तिथेच वाचत बसणार आहे, कारण माझ्या खोलीतल्या दिव्यापेक्षा तिथला उजेड चांगला आहे. आणि त्या पाली तिथे का येतात, याचेही कारण तेच.